ग्रेटफुल डेडचा एक कार्यक्रम नीट कसा ऐकायचा: रेकॉर्डिंग निवडण्यापासून जपून ठेवण्यापर्यंत

"कॉर्नेल ऐकलं. आवाज गढूळ होता, गाणी मध्येच तुटत होती. एवढं काय आहे त्यात?" ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडबद्दल कुणाला जीव तोडून सांगावं, कॉर्नेल विद्यापीठातला त्यांचा ८ मे १९७७ चा गाजलेला कार्यक्रम ऐकायला सुचवावा आणि आठवड्याने हे उत्तर यावं, असं माझ्या बाबतीत अनेकदा झालंय. खोदून विचारलं की दर वेळी तेच निघतं: रात्र बरोबर निवडलेली असते, रेकॉर्डिंग चुकलेलं असतं.

१९६५ ते १९९५ या काळात या बँडने २,३०० हून अधिक कार्यक्रम केले आणि त्यांतले बहुतेक कुणी ना कुणी टेप करून ठेवले. त्यामुळे एकाच रात्रीची चार, सहा, कधी दहा-बारा रेकॉर्डिंग फिरत असतात. एक ध्वनिमंचावरून (म्हणजे सगळ्या माइकचा आवाज जिथे एकत्र मिसळतात त्या यंत्रावरून) घेतलेलं, दुसरं विसाव्या रांगेतून, तिसरं त्याच कॅसेटची चौथी नक्कल. वर तारीख एकच. आपण यातलं नेमकं कोणतं ऐकतोय हे कळेपर्यंत त्या रात्रीबद्दल मत बनवायचं नाही, एवढं या लेखात पटवून द्यायचंय. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. दोन ठिकाणी क्रम बदलला तर काम पुन्हा करावं लागतं. ती ठिकाणं आली की सांगेन.

## पूर्वतयारी

प्लेअर. दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभरही खंड न पाडता वाजवणारा प्लेअर लागतो. याला गॅपलेस म्हणतात. या बँडची गाणी एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे ही सोय चैनीची नाही, पहिली अट आहे. विंडोजवर फूबार२००० हे काम चोख करतो. फोनवर ऑनलाइन ऐकणार असाल तर रीलिसन हे मोफत अॅप घ्या. ते इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरचीच रेकॉर्डिंग वाजवतं आणि एका रात्रीची सगळी उपलब्ध रेकॉर्डिंग एकाखाली एक दाखवतं.

मी स्वतः सुरुवातीला फसलो तो इथेच. मित्राने पेन ड्राइव्हवर एमपी३ दिल्या होत्या. दोन गाण्यांच्या सांध्यावर दर वेळी 'टक्' असा आवाज यायचा आणि निमिषभर शांतता. मला वाटायचं, बँड तिथे थांबतो. वर्षभराने तोच सांधा अखंड ऐकला तेव्हा कळलं की कुणीच थांबत नाही. बेस पुढच्या गाण्याच्या चालीवर आधीच गेलेला असतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्या मागे येतात. ते सगळं त्या 'टक्'मध्ये गेलं होतं.

जागा. तीन तासांचा कार्यक्रम सीडीच्या दर्जात, फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळता फाइल लहान करणाऱ्या प्रकारात), साधारण एक जीबी होतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची फाइल त्याच्या तिप्पट-चौपट जागा खाते. कॅसेटवरून आलेल्या जुन्या रेकॉर्डिंगसाठी त्या मोठ्या फाइलच्या मागे लागू नका. जे टेपवरच नाही ते फाइलमध्ये येणार नाही.

सूर तपासायचं साधन. तंबोऱ्याचं अॅप असेल किंवा गिटारचा ट्यूनर असेल, काहीही चालेल. ते कशासाठी, हे चौथ्या टप्प्यात.

वही. मोबाइलवरची नोंदही चालेल. पण नोंद हवीच, नाहीतर पाच कार्यक्रमांनंतर सगळं एकमेकांत मिसळतं.

## टप्पा १: तारीख बरोबर वाचा

अमेरिकेत महिना आधी लिहितात. ५/८/७७ म्हणजे ८ मे १९७७. आपण तेच ५ ऑगस्ट असं वाचतो आणि शोधत बसतो. तारखेचा आकडा १२ च्या वर असेल तर चूक लगेच लक्षात येते. १२ च्या आत असेल तर येत नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त होणारी चूक हीच.

उपाय सोपा आहे. आर्काइव्हवर प्रत्येक रेकॉर्डिंगला एक ओळखनाव असतं. त्याची सुरुवात बँडच्या आद्याक्षरांनी होते, पुढे वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख असते आणि त्यानंतर स्रोत व क्रमांक. पानाचं शीर्षक बाजूला ठेवा, हे ओळखनाव वाचा. वहीतही वर्ष आधी लिहा: १९७७-०५-०८.

तपासा: तारखेसोबत गाव आणि सभागृह जुळतंय का? ८ मे १९७७ असेल तर बार्टन हॉल, कॉर्नेल विद्यापीठ, इथाका, न्यूयॉर्क हेच हवं. जुन्या कॅसेटवर चुकीच्या तारखा लिहिलेल्या असत आणि त्यांतल्या काही चुका नकलांबरोबर आजपर्यंत चालत आल्या आहेत. शंका आली तर त्या रात्रीच्या गाण्यांची यादी पडताळून पाहा.

## टप्पा २: पाचच रात्री निवडा

शंभर कार्यक्रम उतरवून घेणारे लोक मी पाहिलेत. त्यातले पाचही पूर्ण ऐकलेले नसतात. वेगवेगळ्या काळातल्या पाच रात्री घ्या. काळ बदलला की वाजवणारी माणसं बदलतात, आणि बँडचा आवाजही. माझी निवड अशी:

- २७ फेब्रुवारी १९६९, फिलमोर वेस्ट, सॅन फ्रान्सिस्को. सोळा ट्रॅकवर रेकॉर्ड झालेली रात्र. 'लाइव्ह/डेड' या अल्बमवरचं तेवीस मिनिटांचं 'डार्क स्टार' याच रात्रीचं आहे.
- २ मे १९७०, हार्पर कॉलेज, बिंगहॅम्टन, न्यूयॉर्क. सुरुवात अकूस्टिक गिटारवर, पुढे विजेची वाद्यं. एका रात्रीत बँडचे दोन चेहरे.
- २७ ऑगस्ट १९७२, व्हेनेटा, ओरेगन. एका डेअरीच्या मदतीसाठी रणरणत्या उन्हात, उघड्यावर झालेला कार्यक्रम. मिकी हार्ट १९७१ ते १९७४ बँडमध्ये नव्हता, त्यामुळे इथे बिल क्रॉइट्झमन हा एकटाच ड्रमर आहे. लय किती हलकी होते ते ऐकाच.
- ८ मे १९७७, कॉर्नेल. घट्ट, तासून बसवलेलं वादन. दोन ड्रमर, कीथ गोडशॉचा पियानो.
- २९ मार्च १९९०, नॅसाऊ कोलिझियम, न्यूयॉर्क. ब्रेंट मिडलंड ऑर्गनवर, आणि पाहुणा म्हणून सॅक्सोफोनवर ब्रॅनफर्ड मार्सालिस.

कॉर्नेलपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही, पण तिथेच थांबू नका. माझ्या मते नव्या माणसाने व्हेनेटापासून सुरुवात करावी. तिथे बँड सैल आहे, धोके पत्करतोय, आणि तरीही एकमेकांचं ऐकतोय.

## टप्पा ३: स्रोत ओळखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. रेकॉर्डिंग मुख्यतः तीन जातींची असतात.

साउंडबोर्ड. ध्वनिमंचावरून सरळ टेपवर घेतलेलं. प्रत्येक वाद्य स्पष्ट, टाळ्या दूर कुठेतरी. म्हणून लोक डोळे मिटून हेच निवडतात. पण ते बहुतेकदा सभागृहातल्या स्पीकरसाठी केलेलं मिश्रण असतं. सभागृह लहान असेल तर गिटारचे अॅम्प्लिफायर मंचावरूनच ऐकू येतात, त्यामुळे मिश्रणात गिटार कमी आणि गायन जास्त असतं. टेपवर मग गाणारा कानाशी आणि जेरी गार्सियाची गिटार शेजारच्या खोलीत, असा प्रकार होतो. यात बँडचा दोष नाही. ती टेप मुळात ऐकण्यासाठी केलेलीच नव्हती.

१९७४ ची साउंडबोर्ड रेकॉर्डिंग आणखी वेगळी आहेत. त्या वर्षी बँड 'वॉल ऑफ साउंड' नावाची प्रचंड ध्वनियंत्रणा घेऊन फिरत होता आणि स्पीकरची भिंत वादकांच्या मागेच उभी असे. तिचा आवाज गायकाच्या माइकमध्ये घुसू नये म्हणून प्रत्येक गायकापुढे दोन माइक उलट्या जोडणीने लावलेले असत. मागून येणारा आवाज दोन्हींत सारखाच शिरून एकमेकांना मारायचा, आणि एकाच माइकमध्ये गायलेला गळा तेवढा उरायचा. युक्ती चालली, पण टेपवर गळा पातळ आणि पत्र्यासारखा येतो. १९७४ ऐकताना गायनावरून मत बनवू नका. बेस ऐका, फिल लेशच्या प्रत्येक तारेचा सूर वेगळा कळतो.

बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांच्या टेपांची गोष्ट निराळी. सभागृहाच्या मिश्रणावर विसंबून न राहता त्या टेपसाठी स्वतः वेगळं मिश्रण करत. म्हणून १९७७ च्या त्यांच्या टेपांमध्ये गिटार, पियानो, गायन सगळं आपापल्या जागी असतं. १९८६ मध्ये त्यांच्या साठवणीच्या गाळ्यातल्या या टेपा लिलावात गेल्या आणि तिथून चाहत्यांच्या हाती लागल्या. कॉर्नेलच्या कीर्तीत त्या रात्रीच्या वादनाचा वाटा आहेच, तसा या टेपेचाही आहे.

ऑडियन्स. प्रेक्षकांत बसलेल्या टेपरने, म्हणजे कार्यक्रम टेप करणाऱ्या चाहत्याने, स्वतःच्या माइकवर घेतलेलं. ऑक्टोबर १९८४ पासून बँडने ध्वनिमंचाच्या मागे टेपरांसाठी राखीव जागाच ठेवली होती. चांगलं ऑडियन्स रेकॉर्डिंग तुम्हाला सभागृहात नेऊन बसवतं. बेसची धडक छातीवर येते, गाण्याची पहिली ओळ ओळखल्यावर उसळणारी गर्दी कळते. वाईट ऑडियन्स रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या दोघांच्या गप्पा ऐकू येतात. जुन्या मैफलींच्या घरगुती टेपा ऐकून ज्यांचे कान तयार झालेत, त्यांना पहिल्या प्रकाराची गोडी पटकन लागेल. समोरच्या रांगेतली 'क्या बात है' पुसून काढली तर मैफलीतलं काय उरतं, हे त्यांना सांगावं लागत नाही.

मॅट्रिक्स. वरच्या दोन्ही जातींचं मिश्रण. साउंडबोर्डची स्पष्टता आणि ऑडियन्सची हवा. नीट जमलं तर याला तोड नाही. जमलं नाही तर दोन टेपांची गती तंतोतंत जुळलेली नसते आणि ड्रमचा प्रत्येक ठोका किंचित दुहेरी, 'धप्प'ऐवजी 'ध-धप्प' ऐकू येतो.

तपासा: तिन्ही जाती उपलब्ध असतील तर एकाच गाण्याची तीच दोन मिनिटं तिन्हींत ऐका. गाणं शांत घ्या, गर्दी आणि गोंगाटाचं नको. आणि तिन्हींचा आवाज सारखा करून घ्या, कारण मोठ्याने वाजणारं आपल्याला उगीचच चांगलं वाटतं.

सावधान: सगळ्यात जास्त वेळा उतरवलेलं रेकॉर्डिंग सर्वोत्तम असतंच असं नाही. अनेकदा ते फक्त सगळ्यात आधी चढवलेलं असतं.

## टप्पा ४: मजकूर फाइलमधली वंशावळ वाचा

प्रत्येक चांगल्या रेकॉर्डिंगसोबत एक साधी मजकूर फाइल असते. शंभरातले नव्वद जण ती उघडत नाहीत. तिच्यातली एक ओळ सोन्याच्या मोलाची असते: टेप मूळ यंत्रापासून तुमच्यापर्यंत कोणकोणत्या हातांतून आली त्याची वंशावळ. उदाहरणार्थ:

साउंडबोर्ड > मास्टर रील > डॅट > संगणक > फ्लॅक

ही ओळ उत्तम. मूळ रीलवरून एकदा डिजिटल टेपवर, तिथून थेट संगणकात. आता ही पाहा:

ऑडियन्स > मास्टर कॅसेट > कॅसेट > कॅसेट > सीडी > संगणक > फ्लॅक

इथे मूळ कॅसेटनंतर दोन पिढ्या गेल्या आहेत. कॅसेटच्या प्रत्येक नकलेत सरसर वाढते आणि झांजांची धार बोथट होते. डिजिटल नकलेत, ती नीट केली असेल तर, काही हरवत नाही. म्हणून मोजायच्या त्या फक्त कॅसेट आणि रीलच्या पिढ्या.

वंशावळीत कुठेही एमपी३ दिसलं तर ते रेकॉर्डिंग सोडून द्या, मग शेवटी फ्लॅक का असेना. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही. वंशावळच दिलेली नसेल तर घाई नको, त्याच रात्रीचं दुसरं रेकॉर्डिंग पाहा.

त्याच फाइलमध्ये आणखी तीन गोष्टी शोधा.

*तुटलेल्या जागा.* ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. त्यामुळे साधारण तेवढ्या वेळाने टेपराला बाजू पलटावी लागे, आणि बँड तेव्हा जॅमच्या, म्हणजे आयत्या वेळी रंगवलेल्या लांब वादनाच्या, मध्यावर असला तर तो तुकडा गेला. पट्टीचा टेपर दोन गाण्यांमधली जागा हेरून पलटायचा.

*जोड.* साउंडबोर्डमधला गेलेला तुकडा ऑडियन्समधून घेऊन भरलेला असतो. ऐकताना अचानक अर्धा मिनिट आवाज लांब गेला, गर्दी जवळ आली आणि मग पुन्हा सगळं स्पष्ट झालं, तर फाइल बिघडलेली नाही, तो जोड आहे. मजकूर फाइलमध्ये बहुतेकदा त्याची वेळही लिहिलेली असते.

*गती.* टेप यंत्र थोडं वेगात किंवा हळू चालत असेल तर सगळा कार्यक्रम चढ्या किंवा उतरत्या सुरात येतो. गती ६ टक्क्यांनी वाढली की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो, म्हणजे सा चा कोमल रे होतो. ३ टक्क्यांनी त्याच्या निम्मा. आता ट्यूनर काढा. ब्रेंट मिडलंडच्या काळातलं रेकॉर्डिंग असेल तर हॅमंड ऑर्गनचा लांब धरलेला सूर घ्या, कारण त्याचा सूर वादकाला इकडेतिकडे करता येत नाही. पियानोवर थोडा कमी विश्वास ठेवा. सप्टेंबर १९७८ मध्ये बँड इजिप्तमध्ये गीझाच्या पिरॅमिडपाशी वाजवायला गेला, तेव्हा पियानोच बेसूर होता.

तपासा: सगळी वाद्यं मिळून एकाच दिशेला, सारखीच हललेली असतील तर दोष टेपच्या गतीचा. एकच वाद्य हललं असेल तर दोष त्या वाद्याचा. पहिल्या प्रकारात दुसरं रेकॉर्डिंग शोधा, दुसऱ्यात तसंच ऐका.

## टप्पा ५: अधिकृत प्रकाशन आहे का, आणि ते पूर्ण आहे का

पैसे खर्च करण्याआधी हा टप्पा. इथल्या चुका महागात पडतात.

डिक्स पिक्स (१९९३ ते २००५, ३६ भाग): टेपसंग्रहाचे सांभाळकर्ते डिक लाटवाला यांच्या नावाने निघालेली मालिका. बहुतांशी दोन ट्रॅकच्या टेपांवरून. सगळे भाग म्हणजे पूर्ण कार्यक्रम नव्हेत. १९ डिसेंबर १९७३ चा टँपाचा पहिला भाग तर काटछाट केलेला आहे.

रोड ट्रिप्स (२००७ ते २०११): अनेक भागांत वेगवेगळ्या रात्रींतले तुकडे एकत्र आहेत. एक अखंड रात्र हवी असेल तर आधी यादी पाहा.

डेव्हज पिक्स (२०१२ पासून): डेव्हिड लमियू यांच्या निवडीची मालिका, वर्षाला चार भाग, मर्यादित प्रती. बहुधा तीन सीडींवर एक पूर्ण कार्यक्रम. पण उरलेल्या जागेत कधीकधी दुसऱ्या रात्रीची गाणी भरलेली असतात. तिसऱ्या सीडीच्या शेवटची गाणी त्याच रात्रीची आहेत असं धरून चालू नका.

युरोप '७२: इथे फार जण अडखळतात. १९७२ चा तीन तबकड्यांचा अल्बम लाइव्ह म्हणून विकला जातो, पण त्यातलं बरंचसं गायन नंतर स्टुडिओत पुन्हा गाऊन भरलेलं आहे. अल्बम सुंदर आहे, मी तो वारंवार ऐकतो. पण त्या दौऱ्यात बँड कसा गात होता, याचा पुरावा म्हणून तो धरू नका. त्यासाठी २०११ मध्ये त्या दौऱ्याचे सगळे २२ कार्यक्रम ७३ सीडींवर आले, ते ऐका. तुलना करायची असेल तर एक गाणं घ्या आणि अल्बममधली व त्याच रात्रीची आवृत्ती लागोपाठ लावा. सुरावट सारखीच असते, पण स्वर एकमेकांत बसतानाची ती किंचित चाचपडणारी जागा फक्त दुसरीत सापडते.

कॉर्नेल: मे २०१७ मध्ये स्वतंत्रपणे निघालं, आणि त्याच वेळी ५, ७, ८ व ९ मे १९७७ या चार रात्रींच्या मोठ्या संचातही. आधी एक आणि मग दुसरं घेऊन एकाच कार्यक्रमाचे दोनदा पैसे भरू नका. संच घेण्याचा विचार मनात असेल तर सुटं घेऊच नका. ९ मेची बफेलोची रात्र कॉर्नेलच्या तोडीची आहे, हे माझं ठाम मत.

व्हेनेटा: २०१३ मध्ये 'सनशाइन डेड्रीम' या नावाने. नॅसाऊ १९९०: २०१४ मध्ये 'वेक अप टू फाइंड आउट' या नावाने.

अधिकृत प्रकाशनांचा मोठा फायदा म्हणजे टेपच्या गतीतले बारीक चढउतारसुद्धा त्यांत बरेचदा दुरुस्त केलेले असतात. चाहत्यांच्या हातच्या रेकॉर्डिंगला ते क्वचितच साधतं.

सावधान: अमेरिकेतून सीडी मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. अनेक प्रकाशनं डिजिटल स्वरूपातही विकत मिळतात. त्यात फ्लॅकचा पर्याय असेल तर तोच घ्या.

## टप्पा ६: फाइल घ्या आणि लगेच पडताळा

नियम आधी. बँडने आपल्या कार्यक्रमांच्या टेपा आपसात द्यायला-घ्यायला परवानगी दिली, पण पैसे न घेता. या टेपा विकायच्या नाहीत आणि विकणाऱ्याकडून घ्यायच्या नाहीत. नोव्हेंबर २००५ नंतर इंटरनेट आर्काइव्हवर विभागणी झाली: ऑडियन्स रेकॉर्डिंग उतरवून घेता येतात, साउंडबोर्ड फक्त तिथेच ऐकता येतात. त्या मर्यादेत राहा. साउंडबोर्डची ओढ लागलीच तर अधिकृत प्रकाशन विकत घ्या. 

आता क्रम, आणि हा पाळाच:

१. फ्लॅक फाइलींसोबत मजकूर फाइल आणि पडताळणीची फाइल (उतरवताना काही बिघडलं नाही ना, हे तपासण्यासाठीची), दोन्ही घ्या.
२. नावं, टॅग (गाण्याचं नाव वगैरे फाइलच्या आत लिहिलेली माहिती) यांपैकी कशालाही हात लावण्याआधी पडताळणी चालवा. विंडोजवर ट्रेडर्स लिटल हेल्पर हे जुनं पण भरवशाचं साधन आहे.
३. सगळं जुळलं तरच पुढे जा. एखादी फाइल जुळली नाही तर तेवढीच पुन्हा उतरवा.

पडताळणी दोन प्रकारची असते, आणि लोक घोळ घालतात तो इथे. एमडी५ पूर्ण फाइलचा ठसा घेते, त्यामुळे गाण्याच्या नावाचा टॅग बदलला तरी ती 'चूक' दाखवते. फ्लॅकचा स्वतःचा ठसा फक्त आतल्या ध्वनीचा असतो, टॅग बदलल्याने तो बदलत नाही. आधी टॅग आणि मग एमडी५ असं केलंत तर धडधाकट फाइली खराब ठरतात आणि माणूस एक जीबी पुन्हा उतरवत बसतो. क्रम महत्त्वाचा म्हटलं होतं, त्यातलं हे पहिलं ठिकाण.

## टप्पा ७: नाव द्या, टॅग लावा

फोल्डरचं नाव: वर्ष-महिना-दिवस, गाव, स्रोत, क्रमांक. स्रोत नावातच हवा, कारण उद्या त्याच रात्रीचं दुसरं रेकॉर्डिंग घ्याल तेव्हा दोन्ही शेजारी बसतील. क्रमांक तोच ठेवा जो ओळखनावात आहे. चाहत्यांच्या सूचींमध्ये त्या आकड्यावरून नेमकं तेच रेकॉर्डिंग सापडतं.

गाण्यांच्या यादीत दोन नावांच्या मध्ये > असं चिन्ह असेल तर पहिलं गाणं न थांबता दुसऱ्यात गेलं आहे. टॅग लावताना हे चिन्ह उडवू नका. पुढे यादीवर नजर टाकली तरी कोणता भाग सलग ऐकायचा ते कळतं.

सावधान: फोनमध्ये जागा नाही म्हणून एमपी३ करायच्याच असतील तर वेगळ्या फोल्डरमध्ये करा, मूळ फ्लॅकवर नाही. आणि ती एमपी३ दुसऱ्याला देऊ नका. माझ्या त्या 'टक्'ची सुरुवात अशीच कुठेतरी झाली असणार.

## टप्पा ८: ऐका

शफल बंद करा. पहिला सेट, म्हणजे कार्यक्रमाचा मध्यंतरापूर्वीचा भाग, मग दुसरा. पहिल्यात बहुतेक सुटी गाणी असतात, दुसऱ्यात लांब साखळ्या. वेळच नसेल तर दुसऱ्या सेटपासून सुरुवात करा, पण सेट मध्ये तोडू नका. विलंबित ख्यालाच्या दहाव्या मिनिटाला उठून जाणाऱ्याला राग कसा भेटणार?

पहिली खेप नुसती ऐकण्याची. दुसऱ्या खेपेला एकच वाद्य धरा. मी बॉब वीअरची गिटार धरायला सांगतो. लोक गार्सियाच्या मागे जातात आणि वीअर सुटून जातो. तो ताल धरून बसत नाही. गार्सियाच्या दोन फ्रेजमधल्या फटीत अर्धवट कॉर्ड टाकतो आणि पुढची वाट सुचवतो. एकदा तो ऐकू यायला लागला की जॅम कुठे वळणार हे दोन क्षण आधी कळू लागतं.

१९७८ पासून दुसऱ्या सेटच्या मध्यावर ड्रम्स आणि स्पेस, म्हणजे आधी नुसते ड्रम आणि मग मोकळं, बिनतालाचं वादन, हा भाग ठरूनच गेला. अनेक जण तो पुढे ढकलतात. आपण तरी ढकलू नये. मिकी हार्टवर उस्ताद अल्लारखाँ यांच्या तालविचाराचा खोल ठसा होता. उस्ताद झाकीर हुसेन यांच्यासोबत त्याने १९७६ मध्ये डिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम केला, आणि पुढे १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम'ला ग्रॅमी मिळाला. त्या दहा-पंधरा मिनिटांत हात वेगळे असले तरी मोजणी आपल्या ओळखीची वाटेल.

वहीत चारच गोष्टी लिहा: तारीख, रेकॉर्डिंगचा क्रमांक, आवडलेला सांधा वेळेसकट, आणि खटकलेली जागा. खटकलेल्या जागेपुढे लिहा की दोष बँडचा वाटतो की टेपचा. ठरत नसेल तर दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तीच जागा ऐका. तिथेही तसंच असेल तर बँडचा.

## टप्पा ९: अधिक चांगलं रेकॉर्डिंग आलं तर

येतंच. जुनी रील सापडते, कुणी नव्या यंत्रावर पुन्हा उतरवून घेतं. इथे क्रमाचं दुसरं ठिकाण: नवं आलं म्हणून जुनं लगेच पुसू नका. आधी वहीतल्या खटकलेल्या जागा नव्यात ऐका. मग जुन्यात पूर्ण असलेली आणि नव्यात तुटलेली एखादी जागा आहे का ते पाहा. असं बरेचदा असतं, कारण दोन टेपरांनी कॅसेट वेगवेगळ्या क्षणी पलटलेली असते. तशी जागा निघाली तर दोन्ही ठेवा आणि जुन्याच्या मजकूर फाइलमध्ये सगळ्यात वर एक ओळ लिहा: कोणत्या गाण्यात, किती मिनिटांपासून किती मिनिटांपर्यंत.